कानाची मशीन, खिशातला फोन आणि मधली वीज

दवाखान्यात हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. विचारणारा बहुधा पुण्याला नाहीतर नागपूरला नोकरीला असलेला मुलगा असतो, सणाला गावी आलेला असतो आणि सोबत ऐकू कमी येणारे वडील असतात. ‘डॉक्टरसाहेब, बाबांसाठी ब्लूटूथवाली कानाची मशीन घेतो आहे. मोबाईलला जोडली की फोन थेट कानात. घ्यावी ना?’ मुलाची माया खरी असते, खर्चाची तयारीही असते. पण प्रश्न उलट्या टोकाकडून विचारलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. वडील राहणार रिसोड किंवा मानोरा तालुक्यातल्या खेड्यात, हातात बटणांचा फोन, घरात विजेचा लपंडाव, बोटांना थोडा कंप आणि डोळ्यांना मोतीबिंदू. अशा माणसाला मशीन कुठल्या कंपनीची आणि ब्लूटूथ कितव्या क्रमांकाचे, यापेक्षा रोज सकाळी ती चालू होईल की नाही, हा प्रश्न मोठा असतो.

आता आधी ब्लूटूथचेच पाहू. हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजाचे, हॅराल्ड ब्लूटूथचे. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बिनतारी बोलावीत म्हणून त्या कंपन्यांची संघटना मे १९९८ मध्ये जाहीर झाली. आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला, म्हणजे दोघेही एकाच वयाचे. दोघांच्याही बाबतीत नाव एक झाले, तरी आतले सगळे जुळायला वेळ लागला!

ब्लूटूथ म्हणजे एकच एक पद्धत नव्हे. दुकानदार ही गोष्ट क्वचितच सांगतो. गाणी आणि फोन यांसाठी मूळची जी पद्धत आहे ती वीज जास्त खाते. कानामागच्या यंत्रातल्या इवल्याशा सेलला ते झेपत नसे. २०१० मध्ये कमी वीज खाणारी पद्धत आली, पण सुरुवातीला तिच्यातून आवाज पाठवण्याची ठरलेली सोय नव्हती. म्हणून २०१३ मध्ये ॲपलने आपल्या आयफोनसाठी श्रवणयंत्रांची स्वतःची पद्धत काढली. २०१८ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी वेगळी जाहीर केली. मग २०२० मध्ये ब्लूटूथ संघटनेने सर्वांसाठी एक नवी पद्धत मांडली, तिला एलई ऑडिओ म्हणतात. आज बाजारात या साऱ्या पिढ्यांची यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली आहेत आणि प्रत्येक खोक्यावर शब्द एकच, ब्लूटूथ.

परिणाम काय होतो? मुलाच्या आयफोनवर दुकानात सुंदर चाललेले यंत्र वडिलांच्या स्वस्त अँड्रॉइडवर मुके होते. काही यंत्रांत ब्लूटूथ असते ते फक्त आवाज लहानमोठा करण्याच्या ॲपपुरते, फोनचे बोलणे त्यातून कानात येतच नाही. काहींना मध्ये गळ्यात अडकवायचे आणखी एक उपकरण लागते, आणि ते रोज वेगळे चार्ज करावे लागते. खोक्यावर ५.२ किंवा ५.३ असा आकडा असला म्हणजे नवी पद्धत आत आहेच असेही नाही, कारण ती ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक नाही. उलट काही यंत्रे जुन्या पद्धतीचेच ब्लूटूथ वापरतात आणि त्यामुळे ब्लूटूथ असलेल्या साध्या बटणाच्या फोनलाही जोडली जातात.

म्हणून वाचकहो, दुकानात जाताना ज्याच्या कानात यंत्र बसायचे त्याला न्या आणि त्याचाच फोन न्या. तिथून घरी फोन लावा, पाच मिनिटे बोला. यंत्र बंद करून पुन्हा चालू करा आणि आपोआप जोडले जाते का ते पाहा. आपला आवाज यंत्राच्या माइकमधून पलीकडे जातो की फोन तोंडाजवळ धरावा लागतो, हेही विचारा. ज्यांचा फोन मुळीच जुळत नाही त्यांनी खट्टू होऊ नये. अनेक यंत्रांत टी-कॉइल नावाची तारेची गुंडाळी असते. तिला ब्लूटूथ लागत नाही, आणि टी-कॉइलला जुळणारा फोन कानाशी धरला की बोलणे पुष्कळ स्वच्छ येते. ही जुनी सोय आता कुणी आपणहून सांगत नाही. आपणच विचारायची.

आणि या सगळ्याच्या आधी कानाची तपासणी. कानात मळ घट्ट बसलेला असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा कान वाहत असेल तर यंत्राआधी उपचार हवा. ऑडिओग्राम न काढता यंत्र घेणे म्हणजे नंबर न काढता चष्मा घेण्यासारखे आहे. घरपोच मिळणाऱ्या स्वस्त ‘साउंड ॲम्प्लिफायर’ची गोष्ट तीच. ते सगळेच आवाज सरसकट मोठे करते, ताटाचा खणखणाटही आणि नातवाचे बोलणेही. २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इअरबड्सवर चालणाऱ्या एका श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली हे खरे, पण ती १८ वर्षांवरील आणि सौम्य ते मध्यम बहिरेपणा असलेल्यांसाठी. शिवाय इअरबड्सची बॅटरी एका दमात काही तासच टिकते. श्रवणयंत्र सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत लागते.

आता विजेचे. माझ्या पाहण्यात जी यंत्रे कपाटात पडून राहतात, त्यांतली पुष्कळशी बिघडलेली नसतातच. सेल संपलेला असतो आणि नवा आणायला कुणी नसते.

सेलवरच्या यंत्रांत झिंक-एअर नावाचे बटणाएवढे सेल असतात. ते हवेतल्या प्राणवायूवर चालतात. त्यांचे चार आकार आणि चार रंग जगभर सारखेच: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी आणि ६७५ निळा. अक्षर न वाचणाऱ्या आजीलाही रंग सांगता येतो, ही सोय मोठी. ३१२ नंबरचा सेल साधारण आठवडाभर चालतो, १३ चा दहा ते चौदा दिवस, ६७५ चा त्याहून अधिक. ब्लूटूथवर भजने आणि फोन दिवसभर चालू ठेवले तर हे दिवस घटतात. सेलवरची रंगीत पट्टी काढली की आत हवा शिरते आणि सेल जागा होतो. पट्टी काढून मिनिटभर थांबावे, मगच सेल यंत्रात घालावा. पट्टी पुन्हा चिकटवून सेल झोपी जात नाही, तो झिजतच राहतो. आपल्या उन्हाळ्यातली कोरडी हवा त्याला सुकवते आणि पावसाळ्याची दमट हवा त्यात पाणी भरते. म्हणून पाकीट घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवावे. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर त्यावर दव जमते.

हिशेब करून पाहा. दोन्ही कानांत ३१२ ची यंत्रे असतील आणि सेल आठवडा टिकत असेल, तर वर्षाला १०४ सेल, म्हणजे सहाच्या पाकिटांची सतरा-अठरा पाकिटे. दुकानात यंत्राची किंमत सांगतात, हा आकडा सांगत नाहीत.

मग चार्जिंगची यंत्रे बरी का? ज्यांची बोटे थरथरतात त्यांच्यासाठी निश्चित बरी. रात्री डबीत ठेवायची, सकाळी काढायची. पण त्यांतली लिथियम बॅटरी बहुधा आत बंद असते, संपली तर दुसरी घालून वेळ निभावता येत नाही. काही वर्षांनी तिची ताकद उतरली की यंत्र दुरुस्तीला शहरात पाठवावे लागते आणि तेवढे दिवस माणूस पुन्हा बहिरा. रात्री लाइट गेली आणि सकाळी बाजाराला जायचे असले, तर सगळी मदार चार्जरवर. म्हणून चार्जिंगचेच यंत्र घ्यायचे तर ज्याच्या डबीतच स्वतःची बॅटरी आहे असे घ्यावे, नाहीतर पॉवर बँक जवळ ठेवावी.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेले असते ते आतल्या ३.७ व्होल्टच्या हिशेबाने. म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टने वीज देताना, मधली गळती धरून, हातात साधारण सहा-साडेसहा हजारच पडतात. यात फसवणूक नाही, पण ग्राहकाला हे कळलेले असावे. श्रवणयंत्राला वीज इतकी थोडी लागते की अशी एक बँक अनेक रात्री पुरेल. अडचण वेगळीच येते. काही पॉवर बँका फार कमी वीज ओढली जात असेल तर ‘काम संपले’ समजून आपोआप बंद होतात. रात्री लावलेली डबी सकाळी अर्धवट निघते आणि दोष यंत्राला लागतो. लहान उपकरणांसाठी कमी प्रवाहाची सोय असलेली बँक मागावी आणि तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण आहे ना ते पाहावे. रस्त्यावरची दीडशे रुपयांची बँक उशाशी घेऊन झोपू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याखालच्या खोलीत, उन्हातल्या गाडीत किंवा गादीखाली लिथियमचे काहीही चार्जिंगला लावू नये.

खेड्यातल्या, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाला मी अजूनही शक्यतो १३ किंवा ६७५ नंबरचे सेल लागणारे, कानामागचे, थोडे मोठे यंत्रच सुचवतो. दिसायला ते नाजूक नसते. पण पडले तर सापडते, आणि सेल बदलताना बोटांत नीट धरता येतो. ब्लूटूथ त्यात असले तर आनंदच.

सरकारी मदत नाही असे नाही. केंद्राची एडीप योजना १९८१ पासून आहे, राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची, आणि राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना अशा साहित्यासाठी ३,००० रुपये देण्याचे ठरवले. माझे म्हणणे एवढेच की यंत्र एकदा देऊन काम पुरे होत नाही. सेल ही दर आठवड्याची औषधाची गोळी आहे. मधुमेहाची गोळी जशी ग्रामीण रुग्णालयात मिळते, तसे चार रंगांचे सेल सहाही तालुक्यांच्या ठिकाणी मिळायला काय हरकत आहे? वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ ला झाले. तिथल्या कान-नाक-घसा विभागाने महिन्यातला एक दिवस यंत्रे साफ करणे, जुळवणे आणि फोनशी जोडून देणे यासाठी ठेवला, तर कपाटातली कितीतरी यंत्रे पुन्हा कानावर येतील.

घरात लहान मूल असेल तर सेल कुलपात ठेवा. मुले ते गिळतात, नाकात घालतात. विशेषतः रिमोट-खेळण्यांतला रुपयाएवढा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत भाजते. अशा वेळी केळी खाऊ घालू नका, उलटी करवू नका, ‘शीतून पडेल’ म्हणून वाट पाहू नका. ताबडतोब एक्स-रे असलेल्या रुग्णालयात न्या.

तरुणांबद्दल थोडे. पूर्वी वॉकमनचे सेल संपत आणि कानाला आपोआप विश्रांती मिळे. आता इअरबड्स डबीत ठेवले की भरतात, डबी पॉवर बँकेवर भरते, आणि कानाला सुट्टी उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबल असेल तर मर्यादा फक्त ४ तासांची. मळणी यंत्राजवळ दिवस काढून रात्री कानात गाणी लावणाऱ्या पोरांनी हा हिशेब जरूर करावा.

ब्लूटूथच्या लहरींनी मेंदूला इजा होते का, असे बरेच जण विचारतात. इअरबड्स किंवा श्रवणयंत्र यांची लहर काही मिलिवॉटची असते, कानाला लावलेल्या मोबाईलपेक्षा खूपच क्षीण. त्या भीतीने यंत्र टाळू नये. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी मात्र इअरबड्सची चुंबक असलेली डबी आणि फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नयेत. पेसमेकरपासून निदान १५ सेंटीमीटर अंतर राहील असे, पँटच्या खिशात किंवा पिशवीत ठेवावेत.