शिट्टी न झालेला कुकर

आमच्या घरातला विजेचा कुकर गेल्या आषाढात बिघडला. बिघडला म्हणजे दिवा लागे, आत पाणी खदखदे, पण दाब काही धरेना. झाकणातून वाफ सूं सूं करत निघून जाई आणि पाऊण तासानंतरही तूरडाळ आपली टणक ती टणकच. नेमकं तेव्हाच हिच्या मनगटाचं हाड मोडलेलं, हात प्लॅस्टरमध्ये. त्यामुळे स्वयंपाकघराचा कारभार माझ्याकडे आला होता. बत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला घरची डाळ शिजवता येऊ नये, याची मला लाज वाटली आणि थोडा रागही आला.

कुकर पिशवीत घालून दुकानात नेला. काउंटरवरच्या तरुणानं झाकण उघडूनही पाहिलं नाही. ‘‘काका, दुरुस्तीत कशाला पैसे घालता? एक्स्चेंजमध्ये नवीन न्या,’’ म्हणाला. बेंगळुरूला मुलाला फोन केला, तर तोही तेच. ‘‘बाबा, मी ऑर्डर करून टाकतो. परवा घरपोच येईल.’’ नेमकं काय बिघडलंय, हे जाणून घ्यायची इच्छा कुणालाच नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

ही कॉटवरूनच म्हणाली, ‘‘अहो, झाकण उलटं करून बघा. त्या छोट्या पिनेला खालून सिलिकॉनची एवढीशी टोपी असते. आहे का जागेवर?’’

नव्हती. सापडली ती सिंकच्या जाळीत, भाताच्या शितांमध्ये. आकार हरभऱ्याच्या दाण्याएवढा. आदल्या रात्री झाकण खसाखसा घासण्याचा पराक्रम मीच केला होता. टोपी धुऊन बसवली, तीन कप पाणी घालून कुकर लावला. थोड्या वेळात पिन टक्कन वर आली आणि वाफ थांबली.

‘‘तुला कसं ठाऊक?’’ मी विचारलं.

‘‘आणला त्या दिवशीच पुस्तिका वाचली होती,’’ ती म्हणाली. ‘‘शहाऐंशीपासून मी कुकरची पुस्तिका वाचल्याशिवाय कुकर लावत नाही.’’

यावर मला बोलता येईना.

१९८६ साली आम्ही दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत होतो. घरात गॅसवरचा साधा कुकर होता. सेफ्टी व्हॉल्व्ह जुना झालाय, बदलायला हवा, असं ही महिनाभर सांगत होती. मी ‘रविवारी बघू’ म्हणत होतो. अखेर एका रविवारी फुटपाथवरून निम्म्या किमतीचा व्हॉल्व्ह आणला आणि चार पैसे वाचवल्याच्या समाधानात बसवलाही. त्यानंतर काही दिवसांनी वाफेच्या नळीत डाळीचं साल अडकलं. शिट्टी होईना. हिनं गॅस बंद केला, शिट्टी उचलून पाहिली. वाफ आली नाही. आत दाब नाही, असं समजून तिनं झाकण फिरवलं. नळीच बंद असल्यावर वाफ येणार कुठून? उकळती डाळ तिच्या हातावर उसळली. कोपरापासून मनगटापर्यंतचा तो डाग आजही आहे. खरा व्हॉल्व्ह असता तर तो वेळीच वितळला असता का, हे मी सांगू शकत नाही. गेल्या इतक्या वर्षांत तिनं तो प्रश्न मला विचारलेला नाही. मी स्वतःला मात्र पुष्कळदा विचारला आहे.

माझी स्कूटर त्या वर्षीही वेळच्या वेळी सर्व्हिसिंगला जात होती. ऑइल कधी बदललं, त्याची तारीख डायरीत होती. कुकर दिवसातून दोनदा चुलीवर चढत होता आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. आपल्या घराघरांत हेच चालतं, असं माझं मत आहे. बाहेरच्या यंत्राची देखभाल हे काम समजलं जातं. स्वयंपाकघरातल्या यंत्राची तक्रार ही कुरकुर ठरते. वापरणाऱ्या बाईला ते यंत्र आवाजावरून, वासावरून कळत असतं. पण त्या कळण्याला आपण ज्ञान म्हणत नाही, आणि खर्चाचा निर्णय तिच्या हाती ठेवत नाही.

वास्तविक कुकरचं शास्त्र सोपं आहे. डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनला वाफ कोंडून शिजवणारं भांडं तयार केलं. भांडं फुटू नये म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हची युक्तीही त्याचीच. वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि शंभर अंशांना उकळणारं पाणी गॅसवरच्या कुकरात १२० अंशांच्या आसपास जातं. विजेच्या कुकरांत दाब बहुधा थोडा कमी ठेवलेला असतो, म्हणून वेळ जरा जास्त लागतो. बाकी तत्त्व तेच.

मग बिघाडही मोजकेच. दाब धरत नसेल तर आधी झाकणाची रिंग पाहावी. ती खोबणीत सगळीकडून बसली आहे का, चिरली किंवा सैल झाली आहे का? सैल रिंग फ्रीजरमध्ये ठेवून चार दिवस काढण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे, पण ते चार दिवसच. वर्ष-दीड वर्षानं रिंग बदलावी. मग पिन आणि तिची टोपी. मग वाफेची नळी. तळ लागल्याची सूचना येत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी कांद्याची परतणी तळाला चिकटली आहे का ते पाहावं. थोडं पाणी घालून ती उलथन्यानं खरवडली की बहुतेक वेळा भागतं. आतलं भांडं बाहेरून कोरडं पुसूनच ठेवावं, आणि विजेचा भाग कधीही पाण्यात बुडवू नये. पिन खाली उतरल्याखेरीज झाकणाशी झटापट नको. आणि दिवाच लागत नसेल तर स्वतः खोलायचं धाडस करू नये. आतला फ्यूज उडाला असेल, तर तो का उडाला हे जाणकारानंच पाहावं. ‘तार जोडून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती कुकर देऊ नये.

सरकारनंही या बाबतीत काही पावलं टाकली आहेत. घरगुती प्रेशर कुकरला २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर त्यासाठी पोर्टलही सुरू केलं. हे चांगलंच झालं. पण दुरुस्तीचा हक्क ज्याला हवा, त्यानं झाकण उलटं करून पाहायचे कष्टही घ्यायला हवेत. टोपी हरवली म्हणून अख्खा कुकर भंगारात जातो, तेव्हा दुकानदार त्यात खूश असतो आणि आपण आळसात. त्याहून वाईट म्हणजे बिघडलेला कुकर ‘चालतोय ना’ म्हणून चालवला जातो. त्याची किंमत त्याच्यापुढे उभं राहणारं माणूस देतं.

हिचं प्लॅस्टर निघून आता बरेच महिने झाले. सकाळचा कुकर मात्र मीच लावतो. कॅलेंडरवर सिलिंडरच्या तारखेशेजारी रिंग बदलल्याची तारीख माझ्या अक्षरात आहे. टोपी जागेवर आहे का ते बोटानं चाचपतो, मग झाकण उजेडाकडे धरून नळी आरपार दिसते का ते पाहतो.

‘‘अहो, नोट तपासताय का बँकेतली?’’ ही हसून म्हणते.

तपासतोच आहे, म्हटलं. उशिरा का होईना.