नैवेद्याचे ताट आणि नातीचा पिझ्झा

मार्गशीर्ष सरत आला, शिवारात ज्वारी डोक्याएवढी उभी राहिली, हरभरा घाट्यांनी लवू लागला, की जळकोटच्या घरोघरी वेळ अमावास्येची लगबग सुरू होते. लातूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी असते. गावे ओस पडतात आणि रानांना माणसांचा बहर येतो. कडब्याची कोप उभारावी, तीत पाच पांडव मांडावेत, लक्ष्मीचे पूजन करावे, आंबिलीचे मडके डोक्यावरून मिरवीत आणावे, पिकात आंबील शिंपावी आणि मग आल्यागेल्या प्रत्येकाला हाताला धरून पंक्तीला बसवावे, ही आपली रीत. भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर आणि थंडगार आंबील या पंक्तीची सर कोणत्याही राजवाड्यातील मेजवानीला यावयाची नाही.

अशा या पंक्तीत गेल्या वर्षी आमच्या घरी एक पेच उभा राहिला. पुण्याला शिकणारी आमची नात सणाला आली ती एक नवा नेम घेऊन. मांसमच्छी तर आमच्या घरात कधीच नव्हती. परंतु तिने दूध, दही, ताक, तूप हेही सोडलेले. या आचरणाला इंग्रजीत ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात घडविला गेला. “आजी, मी पूजेला बसेन, मडके डोक्यावर घेईन, पण आंबील पिणार नाही. तिच्यात ताक आहे,” असे ती म्हणाली. आणि पुढे, “मी माझ्या हाताने एक पदार्थ करून आणते, तो शेतात चालेल का?” तो पदार्थ म्हणजे खारीसारख्या पापुद्र्यांचा, भाजलेल्या भाज्या घातलेला पिझ्झा!

आमच्या थोरल्या जाऊबाई क्षणभर अवाक् झाल्या. “दुधाला नको म्हणणारी लेक लक्ष्मीपुढे काय ठेवणार?” हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रागाचा होता, तरी खोटा नव्हता. ज्या घरात गाईला माता म्हणतात, पंचामृतावाचून पूजा होत नाही, त्या घरात दुधाला नकार देणे म्हणजे त्या मातेलाच नकार, असे त्यांना वाटले. अनेक श्रद्धाळू घरांत आज हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला जात असेल. म्हणून तो चार शहाण्या माणसांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

माझे मत प्रथमच सांगून टाकते. नैवेद्य परंपरेचाच असावा. पण नातीचे ताट त्याच पंक्तीत, त्याच मानाने मांडले जावे.

असे म्हणण्यास आधार काय? आधार आपल्याच व्रतांत आहे. चातुर्मासाचे नियम ज्या घरांत पाळले जातात त्यांना ठाऊक आहे, की श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल वर्ज्य सांगितले आहे. म्हणजे दूध सोडण्याचा एक संपूर्ण महिना आपल्या शास्त्रकारांनीच आखून दिलेला! त्याने गोमातेचा अवमान झाला, असे कोणी म्हटले नाही. त्याहूनही बोलके उदाहरण ऋषिपंचमीचे. त्या दिवशी आपल्या बायका बैलाच्या श्रमाचे अन्न खात नाहीत. नांगर न लागलेल्या जागी, परसात, हाताने लावलेली भाजी शिजवतात आणि तीच प्रसाद म्हणून घेतात. मुक्या जनावराच्या कष्टावर आपले ताट उभे आहे, याची वर्षातून एक दिवस तरी आठवण ठेवावी, असा त्या व्रताचा मला उमगलेला अर्थ. नातीने तीच आठवण बाराही महिने ठेवावयाची ठरविली. तिचा शब्द परका आहे; भाव परका नाही.

“वासराच्या वाट्याचे दूध आपण का घ्यावे?” असे तिने विचारले तेव्हा मला माझ्या सासूबाई आठवल्या. धार काढताना त्या एक सड वासरासाठी राखून ठेवीत आणि वासरू लुचून तृप्त झाल्यावाचून गोठ्यातून हलत नसत. दूध घेणारी ती माउली आणि दूध न घेणारी ही पोर, या दोघींच्या मनातील कणव एकच. सासूबाईंचे वाक्य नातीला सांगितले तेव्हा ती गप्प झाली, आणि नातीचे वाक्य जाऊबाईंना सांगितले तेव्हा त्याही गप्प झाल्या.

दुसरा आक्षेप असा, की पिझ्झा हा विलायती पदार्थ. सणाच्या दिवशी त्याचे काय काम? पण आपल्या एकादशीच्या ताटाकडे जरा निरखून पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या काळानंतर ती इकडे आली, आणि आज त्यांच्यावाचून उपवास सुटत नाही! परक्याला आपल्या पंक्तीला बसवून आपलेसे करणे हीच या भूमीची खोड आहे. शिवाय पिझ्झा म्हणजे तरी काय? भाजलेल्या भाकरीवर भाजी. इटलीतील नेपल्स शहराच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ साली मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. आणि त्याच शहराच्या ‘मारिनारा’ नावाच्या जुन्या पिझ्झ्यावर चीज मुळीच नसते. टोमॅटो, लसूण, एक सुगंधी पाला आणि तेल, एवढेच. आपल्याकडे चंपाषष्ठीला खंडोबापुढे काय ठेवतात? निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि रोडगा. माळेगावच्या खंडोबाची यात्रा याच वेळ अमावास्येच्या सुमारास भरते. तेव्हा भाजलेल्या भाजीला आणि भाजलेल्या पिठाला आपल्या मुलखात परके कोण म्हणेल?

आता पदार्थाविषयी थोडे. कारण मत कितीही गोड असले तरी पदार्थ बिघडला तर ते कोणी ऐकत नाही! पापुद्रे सुटण्याचे रहस्य चिरोटे करणाऱ्या सुगरणींना सांगावयास नको. पिठाच्या दोन थरांमध्ये स्निग्ध पदार्थाचा थर असावा. आच लागताच पिठातील पाण्याची वाफ होते, मधला थर त्या पदरांना चिकटू देत नाही आणि वाफ त्यांना वर उचलते. आपण साट्यासाठी तूप घेतो. नातीने खाण्याचे खोबरेल तेल घेतले. ते साधारण २४ अंश उष्णतेला विरघळते. मात्र आपल्याकडच्या मार्गशीर्षाच्या पहाटे बाटलीत दगडासारखे गोठलेले असते. निसर्गाने सणाच्या मुहूर्तावरच सोय करून ठेवली म्हणावयाची!

तिने तीन वाट्या पिठात दोन भाग मैदा व एक भाग कणीक घेतली, चिमूटभर मीठ आणि चमचाभर लिंबाचा रस घालून ती थंड पाण्यात भिजविली. पाऊण वाटी गोठलेले तेल तीन चमचे तांदळाच्या पिठाबरोबर फेटून साटा केला. तीन पोळ्या लाटून, प्रत्येकीवर साटा पसरून त्या एकावर एक रचल्या, तिहेरी घडी घातली आणि अर्धा तास गारव्याला ठेवून पुन्हा लाटले. असे तीनदा. हाताची ऊब लागली की तेल पाघळते आणि पदर एकजीव होतात. म्हणून हे काम उजाडण्यापूर्वी उरकले.

भाज्या मात्र आपल्याच रानातील : वांगी, गाजर, लाल भोपळा, टोमॅटो आणि तुरीचे ओले दाणे. त्या आधी चुलीच्या निखाऱ्यावर भाजून घेतल्या. हे आधी भाजणे महत्त्वाचे. कच्च्या भाजीचे पाणी सुटले की खालचे पापुद्रे फुगावयाचे सोडून लगदा होतात. लाटलेल्या चौकोनाच्या कडा मोकळ्या सोडून मधल्या भागाला काट्याने टोचे मारले, चिंचेच्या कोळात वाटलेला टोमॅटो पातळ फासला, वर भाज्या मांडल्या आणि चीजच्या जागी शेंगदाण्याचे कूट लिंबाच्या रसात कालवून पसरले. कांदा-लसूण सणाच्या दिवसामुळे वगळला. शेवटी तीळ भुरभुरले. कन्नड मुलुखात याच अमावास्येला ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणतात आणि ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. तेव्हा तिळाचा मान होताच. दिवाळीला जशी आपण नानकटाई भट्टीवरून भाजून आणतो, तसे ते ताट बेकरीच्या भट्टीत गेले. घरी ओव्हन असेल तर २०० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटे पुरतात.

येथे तरुण मंडळींनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. दूध नाही, तूप नाही, एवढ्याने पदार्थ सात्त्विक होत नाही. बाजारची खारी बहुधा वनस्पती तुपातच होते. तिच्यात लोण्याचा अंश नसेलही, पण म्हणून ती पथ्याची ठरत नाही. वनस्पतीतील घातक ‘ट्रान्स’ मेदाला आवर घालण्यासाठी सरकारला त्याची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणावी लागली, यावरून काय ते समजावे. तयार पाकीट फोडून त्याला व्रत म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. व्रताला कष्ट लागतात, आणि व्रताचा तोरा मिरविला की पुण्य आटते. जो दूध पितो तो निर्दय, असे म्हणणाऱ्याने आपल्या आजीच्या गोठ्यात एक पहाट घालवावी.

असो. दुपारी कोपीत पूजा झाली. पांडवांपुढे आंबील, भज्जी, उंडे, खीर असा नैवेद्य नेहमीप्रमाणेच दाखविला. त्यात आम्ही तिळमात्र बदल केला नाही. नातीने मडके डोक्यावर घेतले आणि पिकात आंबीलही शिंपली. मग पंक्त बसली. तिच्या पानात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, रानातला हरभरा आणि तिचा तो पिझ्झा. भज्जीत ताक होते म्हणून जाऊबाईंनी तिच्यासाठी चिंचेच्या कोळातली वेगळी वाटीभर भज्जी राखून ठेवली होती. कोणाला न सांगता! आणि पिझ्झ्याचा पहिला तुकडा मोडला तोही त्यांनीच. “खारीसारखाच लागतो की गं,” एवढेच त्या म्हणाल्या आणि दुसरा तुकडा मागितला.

वेळ अमावास्येचा धर्म कोणता, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, वाटेने जाणाऱ्यालाही जेवल्याशिवाय जाऊ न देणे, हाच. ज्या दिवशी आपण अनोळखी वाटसरूला हाक मारून पानावर बसवितो, त्या दिवशी पोटच्या लेकराला तिच्या नेमासाठी पंक्तीबाहेर ठेवावयाचे, हे कसे शोभेल? देवापुढचे ताट पूर्वजांचे असो, आणि शेजारच्या पानाला जागा असो. संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरविली, तेव्हा तिच्या उजेडात आजी आणि नात एकाच बांधावरून चालत होत्या. घर राखावयाचे म्हणजे याहून वेगळे काय असते?