आयरिश स्ट्यू आणि नाचणीची लाज

दर मार्चमध्ये आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं असतं. १७ मार्चचा सेंट पॅट्रिक्स डे जवळ आला की कुणीतरी घरी आयरिश जेवणाचा बेत जाहीर करतं. मटणाचा स्ट्यू, सोडा ब्रेड, कोबी घालून कुस्करलेला बटाटा म्हणजे कोलकॅनन, वगैरे वगैरे. लगेच दुसरा उसळतो, "शिमगा तोंडावर आलाय, पुरणपोळी सोडून हे कसले फिरंगी चोचले?" मग दिवसभर नुसता धुरळा. (२०२२ साली तर होळी नेमकी १७ मार्चलाच पेटली होती. त्या दिवशी किती काम झालं ते विचारू नका.)

माझं मत कुणी विचारलेलं नाही, पण ब्लॉग असतो कशासाठी? तर माझ्या मते दोन्ही पार्ट्या चुकतायत. आयरिश जेवण जरूर करा, अगदी शिमग्याला करा. फक्त ते काय आहे हे समजून करा. समजलं, तर पुढचा प्रश्न तुमच्या स्वतःच्या ताटाबद्दल येतो, आणि तो जास्त अवघड आहे.

आधी संस्कृतीरक्षकांकडे वळू. तुमच्या एकादशीच्या ताटात काय असतं? साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज यायच्या आधी आपल्याकडे यातलं काही नव्हतं. 'बटाटा' हा शब्दसुद्धा त्यांचाच. म्हणजे देवाच्या उपासाला परदेशी कंद चालतात आणि शनिवारच्या जेवणाला स्ट्यू चालत नाही? हे लॉजिक माझ्या कंपायलरमध्ये तरी पास होत नाही.

आणि आयर्लंड आम्हाला मॉलमध्ये भेटलेलं नाही. माझं गाव आंबेनळी घाटात, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. या घाटाचं इंग्रजांच्या काळातलं नाव फिट्झगेराल्ड घाट. हे फिट्झगेराल्डसाहेब १८६७ ते १८७२ मुंबईचे गव्हर्नर. त्यांचे वडील आयर्लंडच्या क्लेअर परगण्याचे खासदार होते आणि १८२८ च्या गाजलेल्या पोटनिवडणुकीत डॅनियल ओकॉनेलकडून पडले. वर महाबळेश्वरला इंग्रजांच्या तुरुंगातले चिनी कैदी बटाटे आणि भाजीपाला पिकवायचे. घाटाला आयरिश आडनाव, माथ्यावर चिन्यांनी लावलेला बटाटा. आता सांगा, 'शुद्ध आपलं' नक्की कुठून सुरू करायचं?

आता दुसरी पार्टी. यांना वाटतं आयरिश जेवण म्हणजे इम्पोर्टेड बटर, डब्यातलं कॉर्न्ड बीफ आणि हिरव्या टोप्या घालून फोटो. अहो, कॉर्न्ड बीफ आणि कोबी ही जोडी अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांची. मायदेशी कोबीबरोबर डुकराचं खारवलेलं मांस असायचं. न्यूयॉर्कमध्ये त्यांना ज्यू खाटकांकडे खारवलेलं गोमांस स्वस्त मिळालं, म्हणून ते आलं. खिशाला परवडेल ते पानात, हाच या जेवणाचा पहिला नियम!

स्ट्यू म्हणजे मटणाचे हलके तुकडे, कांदा, बटाटा आणि पाणी. मीठ-मिरपूड घालून मंद आचेवर तास-दोन तास. सोडा ब्रेडचं कारण तर आणखी साधं. तिथल्या मऊ गव्हात ग्लुटेन कमी, यीस्टने पाव नीट फुगत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात सोडा स्वस्त झाल्यावर लोकांनी पीठ, मीठ, सोडा आणि आंबट ताक एकत्र केलं. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की वायू सुटतो, पाव फुगतो. मळायची भानगडच नाही. भट्टीही नाही, लोखंडी भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवायचे. कोकणात तवसाळं असंच भाजतात, वर-खाली निखारे ठेवून. गावच्या चुलीवर मी हा पाव केलाय, पाऊण कणीक आणि पाव नाचणीचं पीठ घेऊन. झकास होतो. स्ट्यू मात्र आईला पटला नाही. "मसाला कधी घालायचा?" असं तिने तीनदा विचारलं :)

हे जेवण ज्या लोकांचं, त्यांच्या बटाट्यावर १८४५ मध्ये करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडमधून धान्य आणि गुरं इंग्लंडला जातच होती. एवढं भोगूनही त्यांनी बटाट्याची लाज धरली नाही. आज तिथल्या चांगल्या हॉटेलातही तो गरिबाचा सोडा ब्रेड लोण्याबरोबर ऐटीत पुढे येतो.

आणि आपण? आमच्या डोंगरात पिकतं भात, आणि वरकस उतारावर नाचणी नि वरी. होळीच्या पोळीचा गहू आणि हरभऱ्याची डाळ दुकानातून येते. ती जरूर करा, मला प्रचंड आवडते. पण त्याच दिवशी नाचणीची भाकरी ताटातून हद्दपार का? पाहुणे आले की ती झाकून का ठेवायची? मुंबईहून आलेल्या चाकरमान्यापुढे ती वाढायला वहिनी का ओशाळते? शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा ऑफिसच्या पँट्रीत चकचकीत पाकिटातली 'रागी कुकीज' आली आणि सगळे तुटून पडले. तेच पीठ तव्यावर काळं दिसलं की गावंढळ, पाकिटात शिरलं की सुपरफूड. वा रे वा!

हा नुसता चवीचा प्रश्न नाही. नाचणीची रोपं उतारावर वाकून लावावी लागतात, कणसं हाताने खुडावी लागतात. करणारी तरुण माणसं मुंबई-पुण्यात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी हे कष्ट कशासाठी उपसायचे, जर सणाला घरी आलेला मुलगाच ते खात नसेल? ज्या पिकाला घरात मान नाही, त्याला बाजारात भाव कोण देणार? मग उतार ओस पडतो, बियाणं संपतं आणि एक दिवस आपण तीच नाचणी ऑनलाइन मागवतो, डिलिव्हरी चार्ज भरून.

म्हणून यंदा धुळवडीला बोकडाचं मटण येईलच, त्यातला अर्धा किलो बाजूला काढा. बटाटा-कांदा घालून आयरिश स्ट्यू लावा. सोबत मात्र नाचणीची गरम भाकरी आणि लोण्याचा गोळा, ताटाच्या मधोमध, पाहुण्यांसमोर. फोटो काढायचाच असेल तर आधी भाकरीचा काढा.