आषाढातील गोठा

वैशाखात मोहोपाड्याच्या आसपास कोणाचाही गोठा पाहावयास गेले तर तो उत्तमच दिसतो. जमीन सारवलेली व टणक, गुरे सावलीत रवंथ करीत बसलेली, शेणाच्या गोवऱ्या कडेला रचलेल्या. हाच गोठा आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात पाहावा. दारात पाऊल टाकताच ते घोट्यापर्यंत रुतते, शेण कोणते व माती कोणती हे ओळखू येत नाही, आणि गुरे बसलेली नसून उभी असतात. आमच्या मंडळाच्या सभासदांस दुभत्या जनावरांसाठी कर्ज मिळवून देण्याचा विचार सध्या पुढे आला आहे. त्या निमित्ताने आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, वैशाखात पाहिलेला गोठा हा पाहिलाच नाही असे समजावे, आणि पायाखालची जमीन झाल्यावाचून कोणासही गाईसाठी पैसा देऊ नये.

ही गोष्ट आम्ही ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीच घाटावरील बाजारातून एक संकरित गाय आणली. विकणाऱ्याने दूध काढून दाखविले, दात दाखविले, वंशावळही तोंडपाठ म्हणून दाखविली. आमच्याकडे पाऊस किती पडतो हे त्याने विचारले नाही व आम्हीही सांगितले नाही. मृगाचा पाऊस तिने सोसला. पुनर्वसूत मागच्या उजव्या खुराच्या बेचक्यात जखम झाली. गाय लंगडू लागली, मग चाऱ्याकडे पाठ फिरवू लागली. चिखलात बसावयास तिचे मन घेईना, आणि थकून बसली की कास त्याच राडीत लोळे. श्रावणात कासेचा एक सड दगडासारखा झाला. पशुवैद्य आले, त्यांनी औषध दिले, आणि औषध आपण पायाला लावीत आहो, चिखलाला नव्हे, असे जाताना सुनावूनही गेले. भाद्रपदात ती गाय आलेल्या किमतीस द्यावी लागली. कर्जाचे हप्ते मात्र पुढे दोन वर्षे फेडीत होतो.

आता चिखलाने नेमके होते काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. निरोगी गाय दिवसाच्या चोवीस तासांपैकी दहा-बारा तास बसते, आणि रवंथ बहुतकरून बसूनच करते. बसावयास कोरडी जागा नसली तर ती उभी राहते, रवंथ कमी होते, खाणे कमी होते, आणि कासेकडे जाणारे रक्तही कमी होते. मग मालक पेंड वाढवितो. ती पेंड चिखलात घातल्यासारखीच होय. सतत ओले राहिलेले खूर मऊ पडते, बारीक खडा रुततो, आणि त्या वाटेने कुजविणारे जंतू आत शिरतात. गाभण गाय अशा जागी घसरून पडली तर तिचे व वासराचेही मोल एकदमच जाते. म्हशीस चिखल आवडतो, तेव्हा तिला काय त्याचे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. म्हैस डुंबते ती डबक्यात, अंग गार करावयास. तिला स्वतःच्या शेणामुतात रात्रभर उभी राहण्याची हौस असते असे अद्याप आमच्या पाहण्यात नाही.

आमच्या वाडवडिलांनी कुठे फरशा घातल्या होत्या, असा प्रश्न या ठिकाणी हमखास येतो. प्रश्न योग्य आहे व त्याचे उत्तरही दिले पाहिजे. माथेरान व इरशाळच्या रांगेच्या पायथ्याचा हा मुलूख वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर व पुष्कळदा त्याहूनही अधिक पाऊस घेतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाऊस तेव्हाही असाच होता. पण वाडवडिलांची गुरे निराळी होती आणि त्यांचा दिवसही निराळा होता. कोकणातले गुरू लहान चणीचे, हलक्या अंगाचे, काळ्या टणक खुराचे. त्याच जातीस २०१८ साली ‘कोकण कपिला’ या नावाने राष्ट्रीय नोंद मिळाली. उत्तरेकडे नाशिक-ठाण्याच्या डोंगरपट्ट्यातील डांगी जनावराची तर कातडीच तेलकट. पावसाचे पाणी तिच्यावर ठरत नाही. दूध यांचे थोडे, हे आम्ही लपवीत नाही. शिवाय चिखलणी सुरू झाली व खाचरे बंद झाली की ही गुरे सकाळी वरकसावर चढत. उतारावर पाणी थांबत नाही, गवत कोवळे, वारा मोकळा, आणि गोठ्यास दिवसभर विश्रांती मिळे. संध्याकाळी गुरे परतत तेव्हा जमीन निदान निथळलेली असे.

आज ते वरकस राहिले कोठे? १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना रसायनीस आला, पुढे पाताळगंगेच्या काठाने औद्योगिक वसाहत वाढली, आणि अलीकडे उरलेल्या माळांस तारेची कुंपणे पडून आत शहरच्या मंडळींची घरे उभी राहिली. कारखान्यांनी आमच्या मुलांस पगार दिले, ते नाकारण्याचे कारण नाही. ज्यांनी माळ विकले त्यांत आमच्यापैकीही आहेत. पण परिणाम असा की, पूर्वी जी गुरे दिवसाचे नऊ तास डोंगरावर असत ती आता चोवीस तास एकाच खड्ड्यात उभी आहेत, आणि तीही पूर्वीच्या दुपटीने जड. वाडवडिलांस फरशीची गरज नव्हती, कारण त्यांच्यापाशी डोंगर होता.

जमीन करावयाची कशी, हे वाटते तितके खर्चाचे नाही. प्रथम गोठ्यातील काळी माती फूट-दीड फूट काढून टाकावी. ती शेतात घातली तर वायाही जात नाही, कारण वर्षानुवर्षे मूत पिऊन ती खतच झालेली असते. खाली मोठे दगड बसवावेत, फटींत खडी ठोकावी, वर मुरूम घालून पाणी मारीत चोपणीने घट्ट करावा. सर्वांत महत्त्वाचा उतार. चाळीस फुटांस एक फूट, म्हणजे दहा फुटांस तीन इंच, इतका उतार गव्हाणीकडून मोरीकडे असावा. कमी ठेवला तर मूत साचते, फार ठेवला तर जनावराच्या मागच्या पायांवर भार येतो. सिमेंटचा कोबा करण्याची ऐपत असेल त्याने अवश्य करावा, पण तो दिवाणखान्यासारखा गुळगुळीत करू नये. त्यात खाचा पाडाव्यात, नाहीतर चिखलातून वाचविलेली गाय घसरून मोडावयाची. मोठ्या जनावरास छपराखाली निदान ३५ ते ४० चौरस फूट जागा द्यावी. मोरीचे तोंड बाहेरच्या शेणखड्ड्यात काढावे व त्या खड्ड्यावर छप्पर करावे. पावसात भिजलेल्या उकिरड्याचे सत्त्व ओढ्यास जाते आणि आम्ही श्रावणात युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभे राहतो.

गोठ्याच्या बाहेरील जागेचा विचार तर कोणी करीतच नाही. पाण्याची टाकी व गव्हाण यांच्या भोवतीच सर्वांत जास्त चिखल होतो, कारण सर्व गुरांचे पाय तेथेच पडतात. तेवढ्या तुकड्यावर तरी दगडमुरूम हवा. वरून येणारे पाणी गोठ्यात शिरण्यापूर्वीच चर खणून वळवावे. पागोळ्या दारात पडतात त्यांस पन्हळ लावावे. पावसाचे वारे नैऋत्येचे, तेव्हा त्या अंगास खालून भिंत किंवा कूड घ्यावा, मात्र वरचा भाग उघडा राहू द्यावा. चारही बाजूंस ताडपत्री बांधून आत मुताचा वास कोंडणे ही गुरावर दया नव्हे. आणि डोंगराच्या पोटाशी गोठा असेल तर या सर्वांआधी जागेचाच विचार करावा. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, ती कोणी विसरलेले नाही.

चाऱ्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. बर्फाच्या मुलखातील पशुपालकांस हा धडा फार महाग पडला. १८८६-८७ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या मोंटाना व डाकोटा प्रांतांत मोकळ्या कुरणांवर सोडलेली गुरे बर्फाने लाखांच्या संख्येने मेली. पुढे त्या देशाचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांच्या कळपाचाही मोठा भाग त्यांत गेला. थंडी तर होतीच, पण कुरणावर गुरे फार झाली होती, आदल्या उन्हाळ्यात गवत करपले होते, आणि कोणी गंज रचून ठेवलेली नव्हती. त्यानंतर तेथील लोक गवत कापून साठवू लागले. आमचा पावसाळा हा आमचा हिवाळाच होय. आषाढात रान हिरवेगार दिसते म्हणून कोरड्या पेंढ्याची काळजी आम्ही सोडतो. त्या कोवळ्या गवतात पाणीच फार. रिकाम्या पोटी ते अधाशीपणे खाऊन जनावर फुगते किंवा ढाळते, आणि ढाळणाऱ्या गुरांनी गोठ्याचा चिखल दुप्पट होतो. सकाळी प्रथम कोरडा पेंढा, मग हिरवे, हा क्रम पाळावा. खाचराच्या कडेचे, पाण्यात बुडालेले गवत शक्यतो कापून आणू नये. तेथील गोगलगाईंच्या योगाने पर्णकृमी गुरांच्या यकृतात जातात. बुटक्या भातजातींमुळे पेंढा पूर्वीइतका निघत नाही ही तक्रार खरी आहे. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून तांदळाचे काम करीत आहे. तेथील शास्त्रज्ञांस आमची विनंती की, दाण्याबरोबर पेंढ्याचेही माप आम्हांस सांगत जावे.

रोगांपैकी घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसापूर्वी, वैशाखातच टोचून घ्याव्यात. लस टोचल्यावर अंगात प्रतिकार येण्यास दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून शेजारचे जनावर मेल्यावर धावण्यात अर्थ नाही. खुरांसाठी १०० लिटर पाण्यात ५ किलो मोरचूद विरघळवून दारात उथळ हौद करावा. त्याआधी पाय स्वच्छ धुतले पाहिजेत, कारण शेणाने भरलेल्या पायांवर व शेणाने गढूळ झालेल्या हौदात मोरचूद काम करीत नाही. ते वापरलेले पाणी खाचरात किंवा ओढ्यात सोडू नये. तांबे मातीत साचते व माशांस घातक ठरते.

आता मुद्द्याकडे. आमची सूचना अशी की, मंडळाने शिफारस करावयाच्या कर्जात पहिला हप्ता जमिनीचा असावा, दुसरा गाईचा, आणि दोहोंच्या मध्ये एक पावसाळा जाऊ द्यावा. यावर काही सभासदांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. ज्याच्यापाशी आज काहीच नाही त्यास दूध एक वर्ष उशिरा मिळेल, आणि पोटास उशीर परवडत नाही. हा आक्षेप हलका नव्हे. अशा सभासदास प्रथम गावठी गाय किंवा म्हैस घेऊ द्यावी, तिचा हप्ता लहान ठेवावा, आणि दगड-मुरूम गावाने श्रमाने पुरवावा. मुरूम वाहण्यास फाल्गुन-चैत्रात ट्रॅक्टर रिकामे असतात व माणसेही सापडतात. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने लिहून ठेवले होते की, या देशात जनावरांची स्थिती जितकी वाईट तितकी त्यांची संख्या वाढत जाते. चार दुबळ्या गाईंऐवजी कोरड्या जमिनीवरच्या दोन गाई, एवढाच त्याचा आमच्यापुरता अर्थ.

पाहणी आषाढात व्हावी, आणि तीही सलग तीन दिवस पाऊस झाल्यावर. पाहणाऱ्यांनी इतकेच मोजावे की, पहाटे दूध काढण्यापूर्वी किती जनावरे बसलेली होती व किती उभी. वही-पेन्सिलीखेरीज दुसरे साधन नको. गमबूट मात्र प्रत्येकाने घालावेत. पायास जखम असलेल्याने अशा चिखलात उतरून लेप्टोस्पायरोसिसचा ताप घरी आणू नये.