घरचें आरोग्य : रोगाचें नांव विचारा

टिटवाळ्याहून एका भगिनीचें चार पानी पत्र आलें आहे. नांवगांव छापूं नये अशी विनंती त्यांत आहे. ती अर्थातच मान्य. घर एकत्र कुटुंबाचें. सासूसासरे, दोन दीर, जावा. यजमान रोज कसाऱ्याच्या लोकलनें मुंबईस कचेरींत जातात. बाईंना पांचवा महिना चालू आहे. दीड महिन्यापूर्वीं गुह्यभागीं बारीक, खरखरीत, न दुखणारे मोड हाताला लागले व पुढें ते वाढत गेले. मग डॉक्टर झाले. एक नव्हे, तीन. पहिल्यांनीं टेबलापलीकडूनच ऐकून घेऊन 'उष्णता आहे' म्हणून मलम दिलें. दुसऱ्यांनीं मूळव्याधीचा कोंब ठरविला. तिसऱ्यांनीं ओझरतें पाहिलें आणि 'असलें कांहीं नवऱ्याकडून येतें, त्यांनाच विचारा' एवढें बोलून चिठ्ठी हातांत दिली. रोगाचें नांव तिघांपैकीं एकानेंही घेतलें नाहीं. परिणाम असा कीं यजमानांशीं तीन आठवडे अबोला आहे आणि सासूबाईंना कांहींतरी कुणकुण लागली आहे. 'मला झालें आहे तरी काय, एवढेंच कोणी सांगत नाहीं,' असें बाई लिहितात.

हा विषय या पानांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. त्यांनीं एवढेंच आठवावें कीं र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून असल्या गोष्टी मराठींत सरळ लिहिल्या, आणि १९३४ सालीं वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं म्हणून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हां त्यांची बाजू मांडावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटल्यांत दंड झाला हें खरें. पण इतक्या वर्षांनंतरही एका गर्भार बाईला तीन डॉक्टर रोगाचें नांव सांगत नाहींत, हें मला त्या दंडाहून अधिक लाजिरवाणें वाटतें.

मी वैद्य नाहीं, व पत्रावरून निदान कोणीच करूं नये. पण वर्णन वाचून एका परिचित त्वचारोगतज्ज्ञ बाईंना पहिली शंका आली ती चामखिळीची. हातापायांवर येते तशीच चामखीळ गुह्यभागींही येते. ती ह्यूमन पॅपिलोमा नांवाच्या विषाणूमुळें होते. या विषाणूचे शेंकडों प्रकार आहेत. गुह्यभागींच्या बहुतेक चामखिळी ६ व ११ क्रमांकाच्या प्रकारांच्या असतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग मुख्यत्वें १६ आणि १८ या वेगळ्या प्रकारांनीं होतो. चामखीळ म्हणजे कर्करोगाची सुरुवात नव्हे, हें एक वाक्य जरी कोणी त्या बाईंना सांगितलें असतें तरी किती रात्रींची झोप वांचली असती!

दुसऱ्या डॉक्टरांच्या मूळव्याधीचें मात्र मला फारसें नवल वाटलें नाहीं. सुश्रुतानेंही अर्शाचें वर्णन करतांना गुदाबरोबर शिश्न व योनि येथील मांसांकुर एकाच प्रकरणांत घेतले आहेत, आणि अर्शावर उपाय चार सांगितले आहेत : औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र. आजचे मलम, आम्ल लावणें, विजेनें जाळणें व कापणें हे उपाय त्याच चार घरांतले. द्रवरूप नायट्रोजननें गोठविणें तेवढें नवें. परंतु सुश्रुतानें तें सर्व प्रत्यक्ष पाहून लिहिलें होतें.

पाहणें हाच येथें मुद्दा आहे. सरकारी दवाखान्यांत अशा रोगांवर लक्षणांवरून द्यावयाच्या औषधांचीं सात रंगांचीं सात पाकिटें ठरलेलीं आहेत. त्यांत चामखिळीचें पाकीट नाहीं. चांगल्या उजेडांत जाणत्या डोळ्यांनीं पाहिल्यावांचून हिचें निदान होत नाहीं, आणि पाहिलें म्हणजे बहुधा तेवढ्यानेंच होतें. फसविणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. कित्येक स्त्रीपुरुषांच्या त्या भागीं बारीक, एकसारख्या दाण्यांची ओळ जन्मजात ठेवणीचीच असते. तिला उपचार लागत नाहींत. उलट, ओलसर, चपटे, पसरट मोड उपदंशाच्या दुसऱ्या अवस्थेंतही येतात, आणि तो प्रकार गर्भारपणांत राहून गेला तर बाळाच्या जिवावर बेततें. म्हणून चामखीळ वाटली तरी उपदंशाची आणि एच्.आय्.व्ही.ची रक्ततपासणी करून घ्यावीच. शंका उरल्यास लहानसा तुकडा काढून तपासतात. पण साध्या, ठळक चामखिळीला त्याची गरज नसते.

आतां अबोल्याविषयीं. हा विषाणु शरीरसंबंधानें, त्वचेच्या स्पर्शानें येतो हें खरें आहे, तें झांकण्यांत अर्थ नाहीं. पण आल्यापासून मोड दिसेपर्यंत कधीं कांहीं आठवडे, कधीं अनेक महिने, क्वचित् वर्षेंही जातात. आणि पुष्कळांना तो होऊन मोड न येतांच जातो. कोणाकडून, केव्हां आला हें कोणतीही तपासणी सांगत नाहीं. तिसऱ्या डॉक्टरांनीं रोगाचें नांव सांगितलें नाहीं आणि जें वैद्यकाला सांगतां येत नाहीं तें मात्र सुचविलें. यजमानांनींही स्वतःला दाखवून घ्यावें. आरोपी म्हणून नव्हे, रोगी असूं शकतात म्हणून.

गर्भारपणांत हे मोड भराभर वाढतात व बाळंतपणानंतर अनेकदां आपोआप ओसरतात. पोडोफायलिनचीं औषधें या काळांत वर्ज्य आहेत, म्हणून डॉक्टरांना पांचवा महिना आहे हें आधीं सांगावें. गोठविण्यास हरकत नसते. केवळ मोड आहेत एवढ्यावरून पोट फाडून बाळंतपण करावें लागत नाहीं. वाट अडेल इतके वाढले तरच तो प्रश्न येतो. हाताच्या चामखिळीचें औषध किंवा चुना तेथें कधींही लावूं नये. आणि मोड एकदां काढल्यावर पुन्हां आले तर तो नवा गुन्हा समजूं नये. विषाणु त्वचेंत राहतो, म्हणून येतात.

टिटवाळ्याहून कळव्याचें छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा शीवचें लोकमान्य टिळक रुग्णालय एकाच लोहमार्गावर आहे. दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालय असल्यानें त्वचारोगाचा विभाग आहे. बाई-डॉक्टर हव्यात असें सांगण्यास संकोचूं नये. आंत गेल्यावर म्हणावें : 'कृपा करून तपासून पाहा, आणि नांव कागदावर लिहून द्या. कशावरून ठरविलेंत तेंही सांगा.' यांत उद्धटपणा नाहीं.

घरांत नऊ वर्षांपुढील मुली असतील तर त्यांच्यासाठीं एक गोष्ट. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस २०२३ सालीं बाजारांत आली. ती ६, ११, १६ व १८ या चारही प्रकारांवर आहे आणि मुलांनाही देतां येते. झालेला रोग तिनें बरा होत नाहीं.

एवढें लिहून होतें तों त्याच भगिनीचें कार्ड आलें. सासूबाईंनींच एके रात्रीं विचारलें, आणि ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें त्या स्वतः सोबत गेल्या. डॉक्टरीणबाईंनीं दिवा लावून दहा मिनिटें पाहिलें आणि 'चामखीळ' असा शब्द मराठींत लिहून दिला. रक्ताचा अहवाल गुरुवारीं यावयाचा आहे. त्या दिवशीं यजमान रजा घेऊन बरोबर जाणार आहेत.