बोगद्यांतला प्रवास

युरोपांत प्रथमच आगगाडीनें हिंडूं इच्छिणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांचे बेत आम्हीं अलीकडे बरेच पाहिले. स्वित्झर्लंड व इटली हे शेजारी देश त्यांत बहुधा असतात, आणि झुरिचहून मिलानला लवकरांत लवकर पोहोंचविणारी गाडी निवडलेली असते. या निवडीलाच आमचा आक्षेप आहे. २०१६ सालीं खुला झालेला गोटहार्डचा नवा बोगदा ५७ किलोमीटर लांब आहे. मालगाड्यांना तो वरदानच होय; पण आल्प्स पाहावयास निघालेल्यानें आल्प्सच्या पोटांतून काळोखांत कां जावें? वरचा १८८२ सालचा मार्ग अद्याप चालू आहे. त्यावर गाडी वळसे घेत चढते, आणि वासेन गांवचें एकच चर्च प्रथम वर, मग समोर, शेवटीं खालीं दिसतें. “वेळ थोडा आहे,” असें उत्तर मिळतें. बेलिंत्सोनापर्यंत या मार्गानें सुमारें तासभरच अधिक लागतो. पुढें मिलानची गाडी तेथें मिळते. जो वेळ एका तासासाठीं नाहीं, तो यादींतल्या सहाव्या शहरासाठीं कोठून येतो? घरीं परतल्यावर मुलांना सांगावयास ज्याच्यापाशीं स्टेशनांच्या नांवांखेरीज कांहीं नाहीं, त्याचें भाडें, आमच्या मतें, फुकट गेलें.