परळची परिचारिका जर्मनीत ‘सहायक’ का होते?

परळच्या केईएममध्ये शिकलेल्या परिचारिकेला जर्मनीत उतरताच परिचारिका म्हणून काम करता येत नाही. आधी तिच्या शिक्षणाला तिथली मान्यता लागते. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, १० हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याची घोषणा झाली आणि सगळी चर्चा जर्मन भाषेच्या वर्गांभोवती फिरली. भाषा हवीच, परिचारिकेला साधारण बी-२ पातळीची. पण खरी मेख कागदांत आहे.

मान्यता देणारी यंत्रणा नुसते पदवीचे नाव बघत नाही. कोणता विषय किती तास शिकवला, वॉर्डात किती तास काम केले, याची जर्मन अभ्यासक्रमाशी तुलना होते. तफावत निघाली की पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. तोवर सहायक म्हणून, कमी पगारावर काम. नोकरीचा अनुभवही धरला जातो, त्यामुळे जुनी अनुभवपत्रे जपून ठेवलेली बरी.

तासांचा हा हिशेब गुणपत्रिकेत नसतो. कॉलेजकडे तो वेगळा मागायचा, मग अधिकृत भाषांतर करून घ्यायचे. सरकारने तो निकालासोबतच द्यायला लावावा. त्यासाठी जर्मनीशी आणखी एखादा करार करावा लागणार नाही.